दोन बोटं काच

ज्याला आपले हक्क माहीत आहेत, त्याला जगातली कोणतीही सत्ता भर रस्त्यात अडवू शकत नाही, असं चष्मेवाल्यांचं ठाम मत होतं. हे मत पारखून बघण्यात अडचण एकच होती. त्यांना आजवर कुणी अडवलंच नव्हतं.

अडवणार तरी कसं? चष्मेवाले गाडी अशी चालवत, की मागून येणारे सायकलवाले घंटी वाजवून पुढे निघून जात. सिग्नल हिरवा असला तरी तो केव्हाही लाल होऊ शकतो, म्हणून ते आधीच थांबत. वळायचं असलं की आदल्या गल्लीपासून दिवा लुकलुकत ठेवत. अशा माणसाला शिट्टी मारून बाजूला घ्यावं, असं कुठल्या पोलिसाला वाटेल?

पण गेल्या पावसाळ्यात ग्राहक मंडळाच्या हॉलमध्ये 'वाहनचालकांचे हक्क' या विषयावर एक व्याख्यान झालं आणि चष्मेवाले पहिल्या रांगेत बसून ते ऐकून आले. त्या दिवसापासून ते बदलले. पोलिसाने आधी आपलं नाव सांगायचं, मग हुद्दा, मग थांबवायचं कारण. किल्लीला हात लावायचा नाही. आणि काच? काच दोन बोटं खाली करायची, त्याहून तसूभरही जास्त नाही. आवाज आत यायला तेवढी फट पुरते. हे सगळं त्यांना तोंडपाठ झालं. दुकानात डोळे तपासायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते हे ऐकवत. हनुवटी यंत्रावर टेकवलेलं गिऱ्हाईक पळून जाऊ शकत नाही, ही त्या धंद्यातली मोठी सोय आहे.

"हे भिंग बरं, की हे?"

"पहिलं."

"ठीक. आता समजा, तुम्हाला पोलिसाने थांबवलं..."

एवढी तयारी, आणि थांबवायला कुणी नाही. परीक्षेचा अभ्यास झालाय आणि परीक्षाच होत नाही, अशी त्यांची अवस्था झाली होती.

खरी परीक्षा होती ती त्यांच्या बायकोची. ती इस्पितळात नर्स. तिला सगळं गाव 'सिस्टर' म्हणे, आणि फोनवर निरोप देताना कधीकधी चष्मेवालेसुद्धा. लग्नापासून तिच्या वाट्याला रात्रपाळी आली होती ती सुटलीच नव्हती. नवरा उठायच्या वेळी ती झोपायची आणि नवरा झोपायच्या वेळी डबा भरून निघायची. शेजाऱ्यांच्या मते त्यांचा संसार सुखाचा होण्याचं तेच गुपित होतं, पण सिस्टर थकली होती. आता इस्पितळाने घरोघरी जाऊन मलमपट्टी करणारं पथक काढलं होतं. काम दिवसाचं. अट एकच, गाडी स्वतः चालवता आली पाहिजे. सोमवारी वाहन परवाना टेबलावर ठेवला तर जागा सिस्टरची, नाहीतर तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या दुसरीची.

चष्मेवाल्यांनी तिला शिकवायचं मनावर घेतलं. शिकवणी दारातच, उभ्या गाडीत व्हायची. आधी हक्क, मग गिअर, असा त्यांचा क्रम होता. हक्क संपेपर्यंत सिस्टरची झोपेची वेळ झालेली असे. महिनाभरात ती काच दोन बोटं खाली करायला उत्तम शिकली.

परवान्याच्या परीक्षेच्या दिवशी सकाळपासून वारं सुटलं होतं. दुकानांच्या पाट्या करकरत होत्या, कागदाचे कपटे रस्त्यावर शर्यती लावत होते. विद्यार्थ्याने परीक्षेआधी दमू नये म्हणून गाडी चष्मेवालेच चालवत होते.

"अहो, जरा लवकर घ्या ना. मैदानावर वेळेत नाही पोचलं तर तो परीक्षक नाव कापतो म्हणे."

"घाई केली की चूक होते. चूक झाली की पोलीस थांबवतो."

"मग तुम्हाला बरंच की!"

चष्मेवाल्यांनी हे ऐकलं नाही असं दाखवलं. गाडी चौकाच्या मध्यावर आली, आणि तेवढ्यात आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते घडलं. एक हवालदार हात वर करून, शिट्टी फुंकत, थेट त्यांच्याच गाडीच्या दिशेने धावत आला. चष्मेवाल्यांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी चौकाच्या अगदी मध्ये उभी राहिली.

"आला," चष्मेवाले म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. स्टेशनवर पाहुणा उतरताना दिसावा, तसा तो आवाज होता.

"अहो, बाजूला तरी घ्या गाडी!"

"थांबवल्यावर हलायचं नसतं. गप्प बस आणि बघ."

त्यांनी इंजिन बंद केलं, काच खाली करायला मूठ फिरवली, फटीत दोन बोटं घालून माप बघितलं आणि मग हवालदाराकडे पाहिलं. मध्यम वयाचा माणूस, धापा टाकत होता, केस घामाने डोक्याला चिकटलेले. कपाळावर गोल लाल वळ होता. टोपी सदैव घालणाऱ्याला पडतो तसा. वळ चष्मेवाल्यांच्या नजरेतून सुटला नाही. माणसांच्या नाकांवरचे वळ बघण्यातच त्यांची हयात गेली होती.

"साहेब, जरा गाडी..."

"थांबा. आधी नाव."

"अहो, नावाचं राहू द्या, जरा..."

"नाव, हुद्दा, नेमणूक. मग कारण. ह्याच क्रमाने. मला घाई नाही."

"मला आहे," सिस्टर म्हणाली.

"तिच्याकडे लक्ष देऊ नका. मी जागरूक नागरिक आहे. मला थांबवण्याचं कारण जाणून घ्यायचा मला हक्क आहे. कारण सांगता येत नसेल, तर थांबवण्याचा तुम्हाला हक्क नाही. आणि कारण सांगत असाल, तर ते..."

हवालदार तोंड उघडायचा आणि मिटायचा. याला एक कारण होतं, पण ते चष्मेवाल्यांना ठाऊक नव्हतं. चौकीत नवे साहेब आले होते. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना भिंतीशी उभं करून दोन गोष्टी बजावल्या होत्या. पहिली, नागरिक बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, त्याला पूर्ण बोलू द्यायचं. दुसरी, टोपीशिवाय कुणी दिसला तर त्याची खैर नाही. हवालदार पहिली गोष्ट जिवापाड पाळत होता. नागरिक पूर्ण बोलला की तो बोलणार होता. पण नागरिक काही पूर्ण होईना.

मध्येच हवालदाराने खाली वाकून पुढच्या चाकाकडे बघितलं.

"टायर बघताय?" चष्मेवाले कडाडले. "नवीन आहेत. त्यात खोट सापडायची नाही!"

"टायर नाही हो साहेब. खाली..."

"खाली रस्ता आहे. तो सार्वजनिक आहे. आणि माझ्या गाडीला हात लावायचा नाही!"

मागे एव्हाना एक टेम्पो, टेम्पोमागे बस, बसमागे आणखी काय काय येऊन थांबलं होतं. भोंग्यांचा गजर सुरू झाला. टेम्पोवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"ओ काका! कायदा घरी जाऊन शिकवा, आधी गाडी काढा!"

त्या गोंगाटात आपलं बोलणं आत पोचेना म्हणून हवालदाराने फटीशी तोंड आणलं आणि तोल सावरायला काचेच्या कडेवर बोटं ठेवली. ती चार बोटं आत आलेली दिसताच चष्मेवाल्यांच्या कानात व्याख्यात्याचा आवाज घुमला, 'किल्ली सांभाळा!' त्यांनी झटकन किल्ली ओढून काढली, ती उजव्या हातात घेतली आणि हात दाराकडे नेऊन लपवायला गेले. किल्ली निसटली. काच जिथून खाली जाते त्या खाचेत ती पडली, आणि दाराच्या पोटात टण्, टण् करत कुठेतरी खोल जाऊन स्थिरावली.

"कसला आवाज झाला हो?" सिस्टरने विचारलं.

"कुठे काय."

"किल्ली कुठाय?"

"सुरक्षित आहे."

हे खरंच होतं. ती किल्ली आता पोलिसाच्याच काय, कुणाच्याही हाताला लागणार नव्हती. चष्मेवाल्यांनी हळूच काच खाली करून बघितली. मूठ फिरेना. त्यांनी गुपचूप हात मांडीवर आणून ठेवला. आतापर्यंत गाडी न हलवणं हे तत्त्व होतं. आता त्याला नाइलाजाचंही बळ मिळालं.

"मी इथून हलणार नाही!" त्यांनी जाहीर केलं. एवढं सत्य ते त्या दिवसात पहिल्यांदाच बोलले होते.

सिस्टरने कपाळाला हात लावला. "अहो, माझी रात्रपाळी! तुम्हाला कळतंय का, आज गेली ती जागा परत येत नाही!"

"अगं, हा तुझ्या एकटीचा प्रश्न नाही. समस्त वाहनचालकांचा आहे."

"समस्त वाहनचालक मागे भोंगे वाजवतायत, ते ऐका." असं म्हणून तिने पर्स उचलली, आपल्या बाजूचं दार उघडलं आणि गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत पायीच निघाली. "निदान तोंड तरी दाखवून येते त्या परीक्षकाला."

बायको गेल्यावर चष्मेवाले क्षणभर गडबडले. हवालदाराला तेवढी फट पुरली.

"साहेब, आता ऐका. माझी..."

नेमकी त्याच वेळी चष्मेवाल्यांची नजर पुन्हा त्या कपाळावरच्या वळावर गेली आणि व्याख्यानाचा राहिलेला भाग त्यांना आठवला. त्यांचा चेहरा उजळला.

"टोपी कुठाय?"

हवालदाराचा हात नकळत डोक्याकडे गेला.

"टोपी म्हणजे गणवेश. टोपी नाही म्हणजे गणवेश नाही. गणवेश नाही म्हणजे तुम्ही रस्त्यावरचा कुणीही माणूस! मग तुमच्या हाताला मी का थांबू?"

"थांबलायत की," टेम्पोवाला म्हणाला. पण मुद्दा त्यालाही पटलेला दिसला. तो खाली उतरून जवळ आला आणि हवालदाराला न्याहाळत म्हणाला, "तसं काकांचं बरोबर आहे. टोपी कुठाय ओ?"

बसमधले दोघे-तिघे उतरले. त्यांनाही टोपीत रस होता. चौकात उभं राहून पोलिसाला प्रश्न विचारायची संधी रोज थोडीच येते? बघता बघता कोंडाळं जमलं आणि "टोपी कुठाय? टोपी कुठाय?" असा एका तालात घोष सुरू झाला. हवालदाराचे कान लाल झाले. तो एकदा चाकाकडे बघे, एकदा गर्दीकडे.

"ही लोकांची ताकद!" चष्मेवाले फटीतून म्हणाले.

अशात गर्दी बाजूला सारत खुद्द साहेबच आले. त्यांची जीप बसच्याही मागे अडकली होती, त्यामुळे ते चालत आले होते आणि म्हणून अधिकच तापले होते. त्यांची टोपी मात्र डोक्यावर ठोकून बसवल्यासारखी घट्ट होती.

"काय चाललंय? टोपी कुठाय तुझी?"

"आहे साहेब."

"कुठे आहे?"

"जवळच आहे साहेब." हवालदाराने मान खाली घातली, ती बरोबर चाकाच्या दिशेने.

"जवळ म्हणजे डोक्यावर! मी काय सांगितलं होतं भिंतीशी?" मग साहेबांनी आवाजात साखर घातली आणि ते खिडकीशी आले. "नमस्कार. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. काच जरा खाली करता? मोकळेपणाने बोलू."

चष्मेवाल्यांनी मुठीवर उगीच हात ठेवला. "क्षमा करा. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मान आहे तुमच्या तत्त्वाचा," साहेब म्हणाले आणि गुडघे वाकवून फटीतून बोलू लागले. एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस आपल्या दोन बोटांच्या फटीशी वाकलेला बघून चष्मेवाल्यांना भरून आलं. "यांनी तुम्हाला नाव सांगितलं?"

"नाही."

"कारण?"

"नाही."

"उद्धटपणा केला?"

चष्मेवाले प्रामाणिक होते. "एक वाक्यही पुरं केलं नाही त्यांनी."

"माफी माग," साहेबांनी हवालदाराला फर्मावलं.

"माफ करा साहेब," हवालदार म्हणाला. गर्दीने टाळ्या वाजवल्या. टेम्पोवाल्याने शिट्टीही मारली.

जिंकलेल्या माणसाने खिडकीच्या फटीतून आभार मानणं बरं दिसत नाही. चष्मेवाले दार उघडून रस्त्यावर उतरले, शर्ट नीट केला आणि गर्दीकडे वळले. गर्दीच्या कडेला सिस्टर परत आलेली त्यांना दिसली. तिच्यासोबत बगलेत हेल्मेट धरलेला, आंबट चेहऱ्याचा एक गृहस्थ होता. बायको आपला विजय बघायला वेळेत आली, याचा चष्मेवाल्यांना आनंद झाला.

"मित्रहो," ते म्हणाले, "माझं पोलिसांशी वैर नाही. माझं म्हणणं एवढंच, की माणसाशी माणसासारखं बोला. या हवालदारांनी सुरुवातीलाच नम्रपणे सांगितलं असतं, की बाबा, असं असं आहे, तर त्यांची कुठलीही विनंती मी त्याच क्षणी मान्य केली असती. कुठलीही!"

"खरंच, साहेब?" हवालदाराने विचारलं. नागरिकाचं बोलणं पहिल्यांदाच पूर्ण झालं होतं.

"शब्द आहे माझा."

"मग गाडी वीतभर मागे घेता का? वाऱ्याने टोपी उडाली माझी. ती पकडायलाच हात वर करून, शिट्टी फुंकत पळत होतो. ती तुमच्या चाकाखाली आहे."

सगळ्या माना खाली गेल्या. चालकाच्या बाजूच्या पुढच्या चाकाखालून टोपीची काळी कड डोकावत होती. दारापासून हातभरसुद्धा लांब नव्हती. लोकांना जवळचं दिसावं म्हणून हयात घालवलेल्या माणसाला ती पहिल्यांदाच दिसली.

टेम्पोवाला म्हणाला, "काका, शब्द दिलाय. घ्या मागे."

चष्मेवाल्यांनी घसा साफ केला. "किल्ली... म्हणजे ती सुरक्षित आहे. दाराच्या आत आहे."

"आत म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"पोटात," चष्मेवाले खालच्या आवाजात म्हणाले.

हेल्मेटवाल्या गृहस्थाने हातावरचं घड्याळ बघितलं. "बाई, मैदानावर निघालो होतो, बसमागे अडकलो, म्हणून स्कूटर कडेला लावून तुमच्याबरोबर इथवर आलो. पण अशी उभी गाडी बघून काय परीक्षा घेऊ? सगळ्या उमेदवारांना पुढच्या महिन्यात बोलावतो."

"एक मिनिट हं," सिस्टर म्हणाली. तिने पर्स उघडली, रुमाल बाजूला केला, गोळ्यांची पाकिटं बाजूला केली आणि तळातून एक किल्ली काढली.

"ही कुठून आली?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"करून घेतली. दुपारी तुम्ही दुकानात असता आणि गाडी दारात असते. आमच्या रुग्णवाहिकेचे ड्रायव्हरदादा शेजारी बसून शिकवतात."

"आणि माझी शिकवणी?"

"ती पण ऐकत होते की. काच छान खाली करता येते मला."

ती चालकाच्या जागी बसली. परीक्षकाने जरा विचार केला आणि पलीकडून येऊन तो तिच्या शेजारी बसला. सिस्टरने आरसे बघितले, दोन्ही बाजूंना मान वळवून बघितलं, टेम्पोवाल्याला हाताने मागे सरायला सांगितलं. आजाऱ्याच्या जखमेवरची पट्टी सोडवावी तितक्या हळुवारपणे गाडी वीतभर मागे आली. थांबली. गचका बसला नाही.

हवालदाराने टोपी उचलली. ती चपटी झाली होती आणि तिच्यावर नव्या टायरची नक्षी उमटली होती. त्याने आतून गुद्दा मारून ती फुगवली, डोक्यावर चढवली आणि साहेबांना कडक सलाम ठोकला.

"आता कसा दिसतोस!" साहेब समाधानाने म्हणाले.

खिडकीच्या फटीतून परीक्षकाचा आवाज आला. "गर्दीत, माणसांच्या मधून, टोपी न फाडता मागे घेतलीत. सोप्या मैदानावर सगळेच घेतात. चला बाई, मैदानापर्यंत घ्या. उरलेलं वाटेत बघतो, कागद तिथे करू."

गाडी निघाली. वळणाचा दिवा योग्य जागी लागला. टेम्पोवाला धावत जाऊन टेम्पोत बसला, बस हलली, साहेब आपल्या जीपकडे गेले, गर्दी विरून गेली. चौक एकदम वाहता झाला.

चष्मेवाले चौकाच्या मधोमध उभे होते. दोन्ही बाजूंनी गाड्या त्यांना वळसा घालून, भोंगे वाजवत जात होत्या. बायको आपल्याला न घेता गेली, हे त्यांच्या अजून पुरतं ध्यानात आलं नव्हतं. तेवढ्यात टायरची नक्षी असलेली टोपी घातलेला हवालदार समोर येऊन उभा राहिला. त्याने सलाम केला. नाव सांगितलं. हुद्दा सांगितला. नेमणूक याच चौकात असल्याचं सांगितलं. मग चष्मेवाल्यांना काही बोलायचंय का, म्हणून तो अदबीने थांबला.

चष्मेवाल्यांना काही बोलायचं नव्हतं.

"वाहतूक अडलीय साहेब, हे कारण," हवालदार म्हणाला. "जरा फुटपाथवर उभे राहता का?"